काय म्हणून हाक मारायची

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी मागच्या दाराची कडी आवाज न करता काढली, तर ते पायरीवर आधीच येऊन बसलेले होते. शेजारी बादली, हातात बॅटरी, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

“मी बी येतो,” ते म्हणाले.

“कुठे?”

“तू निघालीस तिकडं. रात्री आई तिसऱ्या खाव्या वाटत्यात म्हणाली, तवा तुझं तोंड बघितलं होतं मी.”

“तुम्हाला पाण्याची भीती वाटते.”

“वाटती की,” ते उठत म्हणाले. “म्हणून तुला एकटीला सोडू व्हय?”

मी तेव्हा दहा वर्षांची होते. आईला पाचवा महिना लागला होता आणि तिच्या पोटात काही म्हणता काही ठरत नव्हतं. कोजागरीचं आटवलेलं दूधसुद्धा उलटून पडलं. मग भिंतीला टेकून ती म्हणाली, तिसऱ्यांचं सुकं मिळालं तर चार घास जातील कदाचित. तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या शिंपल्या, कुठे आणि कधी मिळतात हे घरात मला एकटीलाच ठाऊक होतं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या सुमारास आमच्या मुरवणे गावच्या खाडीचं पाणी इतकं मागे जातं की तिच्या तोंडाशी वाळूचा लांबलचक पट्टा उघडा पडतो. त्याला दांडा म्हणतात. वाळूत बोटं घातली की शिंपल्या हाताला लागतात. दरवर्षी कोजागरीनंतर बाबा मला तिथे घेऊन जायचे.

बाबा, म्हणजे दिगंबर शिवलकर, खाडीच्या या तीरावरून त्या तीरावर माणसं नेणारी होडी चालवायचे. मी सात वर्षांची असताना काविळीने गेले. आई गावातल्या अंगणवाडीत शिकवायची. अडीच वर्षांनी तिने रत्नागिरीला जाऊन भगवंत गुंड यांच्याशी नोंदणी लग्न केलं. ते वायरमन होते, बार्शीकडून बदली होऊन आलेले. गावात कुणी चांगलं बोललं, कुणी वाईट. मी काहीच बोलले नाही.

म्हणजे त्यांनी काही विचारलं तर मी उत्तर द्यायचे. शाळा किती वाजता सुटते, दप्तराचा पट्टा कसा तुटला, सगळं सांगायचे. पण त्यांना हाक म्हणून कधी मारली नव्हती. जेवायला बोलवायचं असलं की मी समोर जाऊन उभी राहायचे, ते मान वर करेपर्यंत. ते लांब असले तर आईला सांगायचे, “त्यांना सांग, चहा झाला.” बाबा हा शब्द देऊन झालेला होता. काका म्हणायला जीभ वळेना. काका गावात दहा होते, ते आपापल्या घरी राहायचे. आईने एकदा विषय काढला तेव्हा ते स्वतःच म्हणाले, “राहू दे गं. तिला सुचंल तवा सुचंल.”

किनाऱ्यावर उतरलो तर समोर नुसतं धुकं. पाऊस संपून थंडी सुरू व्हायच्या मधल्या दिवसांत खाडीवर असं धुकं उतरतं, पण त्या दिवसाइतकं दाट मी आधी पाहिलं नव्हतं. माडांच्या झावळ्यांवरून दव ठिबकत होतं. बॅटरीचा उजेड हातभर जाऊन थांबत होता. एरवी ओहोटीला गावातल्या आठदहा बायका तरी टोपल्या घेऊन यायच्या. आज एकही नव्हती.

“दिसत न्हाई काहीच,” ते म्हणाले. “परत जायचं का?”

“ऐकू येतं ना. डाव्या हाताला लाटा वाजतात, तो समुद्र. समोर दांडा. दांड्याच्या पलीकडे लाँच जातात ते खोल पाणी. तिथे काहीच आवाज नसतो. तिकडे जायचं नाही.”

“आवाज न्हाई तिकडं जायचं न्हाई,” ते पाठ केल्यासारखं म्हणाले.

किनारा आणि दांडा यांच्यामध्ये पाण्याचा एक चिंचोळा पट्टा राहतो. ओहोटी तळाला असली की तो माझ्या गुडघ्याइतका. मी पुढे, ते मागे, असे आम्ही तो ओलांडला. ते बादली छातीशी धरून, एकेक पाऊल चाचपत येत होते. तीस फुटी खांबावर पावसात चढणारा माणूस गुडघाभर पाण्यात असा चालतो याची मला गंमत वाटली, पण मी हसले नाही.

दांड्यावर पोचल्यावर त्यांनी खिशातून कामावरचे काळे रबरी हातमोजे काढून चढवले.

“हे कशाला?”

“सवय. काय असंल खाली, काय माहीत.”

मी त्यांना वाळूवरची खूण दाखवली. टाचणीच्या डोक्याएवढी दोन भोकं शेजारी शेजारी दिसली की खाली तिसरी असतेच.

“शर्टाच्या बटणावानी,” ते म्हणाले, आणि गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. पहिली तिसरी सापडली तेव्हा त्यांनी ती बॅटरीखाली धरून कितीतरी वेळ उलटसुलट करून पाहिली. मग दुसरी सापडली, तिसरी सापडली, आणि त्यांना नादच लागला. बादलीत खळ्ळ खळ्ळ आवाज व्हायला लागला.

“आमच्याकडं पाणी खाली असतंय,” ते उकरता उकरता बोलायला लागले. “हिरीत. वाकून बघायचं, दोर सोडायचा, वर घ्यायचं. पाणी आपल्याकडं कधी येत न्हाई, आपण जायचं त्याच्याकडं. हे तुमचं पाणी आपल्या आपण येतंय नि जातंय. त्याचं मला काय उमजत न्हाई.”

“वेळेवर येतं. वेळ ठरलेली असते.”

“असंल. पण त्याला सांगणारं कोण?”

उजाडायला लागलं होतं. धुकं काळ्याचं पांढरं झालं, पण पातळ झालं नाही. थोड्या वेळाने त्यांनी मान वर न करता विचारलं, “आई म्हणत हुती, दिवाळी झाली की तू पनवेलला मामाकडं शिकायला जाणार.”

“हो.”

“मामानं बोलावलंय का तूच म्हणालीस?”

“मीच.”

“बरं.” त्यांनी एक तिसरी बादलीत टाकली. “माझ्यापायी?”

खरं तर त्यांच्यापायी नव्हतं. त्यांचा त्रास असा मला काहीच नव्हता. पण बाळ येणार होतं. ते काही न शिकवता, पहिल्याच दिवसापासून त्यांना बाबा म्हणणार होतं. मग आई, बाबा आणि बाळ असं एक घर होणार होतं, आणि मी त्या घरात राहणारी एक मुलगी. मी हे सगळं रात्री अंथरुणात पडून नीट मांडलं होतं. पण ते त्यांना सांगायचं कसं? मी माझा पत्र्याचा डबा उचलला.

“तिकडे जास्त असतात,” मी म्हणाले आणि निघाले.

“लांब जाऊ नको.”

वीसेक पावलं टाकून मागे पाहिलं तर ते दिसत नव्हते. मी खाली बसून वाळू उकरायला लागले. मला त्यांचा राग आला होता. असं सरळ विचारतात का कुणी?

“चारू,” त्यांची हाक आली.

मी ओ दिली नाही.

“चारू, कुठं हाईस?”

मी डबा वाजू नये म्हणून मांडीवर धरला. शोधू देत, असं मनात आलं. तिसरी हाक आली, चौथी आली. त्यांचा आवाज आधी माझ्याजवळून गेला, मग लांब गेला. चौथ्या हाकेत तो बदलला होता. मोठ्या माणसाचा आवाज तसा होताना मी एकदाच ऐकला होता, बाबांना दवाखान्यात नेताना आईचा. तरीही मी गप्प बसले. ते का, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

मग माझ्या टाचेला पाणी लागलं.

भरती सुरू झाली होती. दांड्यावर पाणी एका बाजूने येत नाही, सगळीकडून येतं. मी उठून उभी राहिले, आणि तेवढ्यात त्यांची हाक पुन्हा ऐकू आली. ती जिथून आली तिथे कसलाच आवाज असायला नको होता. ते पलीकडच्या बाजूला होते. लाँचच्या पाण्याकडे.

“थांबा!” मी ओरडले.

पलीकडच्या बंदरावर नेमकी तेवढ्यात एक लाँच लागली, आणि लाँचवाले दोर बांधताना एकमेकांवर ओरडायला लागले. थांब, सोड, ओढ, असले आवाज धुक्यातून येत होते, शेजारीच असल्यासारखे. माझं “थांबा” त्यात मिसळून गेलं. मी “इकडे या” म्हणून ओरडले. तेही त्यांना लाँचवाल्यांचंच वाटलं असावं, कारण त्यांनी त्यांनाच ओरडून विचारलं, “अवो, पोरगी दिसली का तिकडं? धा वर्साची?”

आणि मग पाण्याचा आवाज आला. चालत्या माणसाचा. आधी घोट्याइतक्या पाण्याचा, मग जड. त्यांना पोहता येत नव्हतं.

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे शब्दच नव्हता. त्या एका माणसालाच ऐकू जाईल, ही आपल्यालाच हाक आहे असं त्यालाच कळेल, असा शब्द. वर्षभर मी तो शोधला नव्हता. पाय गारठले होते, डबा हातातून पडला होता, आणि माझ्या तोंडून निघालं,

“अहोऽऽ”

आई मागच्या दारातून त्यांना हाक मारायची तशी. अगदी त्याच चालीवर, शेवट लांबवून खाली आणत.

“आलो, आलो,” त्यांनी ओ दिली. आईला रोज द्यायचे तशीच, सवयीने.

मग पाण्याचा आवाज थांबला.

“चारू?”

“अहो, मी इकडे आहे. वाळूवर. तिकडे पाणी खोल आहे, तुम्ही वळा.”

“तू हाईस न्हवं जाग्यावर?”

“आहे. माझ्या आवाजाकडे या. अहो!”

“आलो.”

“अहो!”

“आलो, आलो.”

असं किती वेळा झालं कोण जाणे. लाँचवालेही ओरडायचे थांबले होते. त्यांनाही ऐकू जात असणार. शेवटी धुक्यातून आधी एक काळा ठिपका आला, मग माणूस झाला. छातीपर्यंत भिजलेले होते. चपला गेल्या होत्या, एका हातातला मोजा गेला होता. त्यांनी मोज्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मग तो मोजाही काढला आणि उघडा हात पुन्हा ठेवला.

“तिकडे का गेलात?” मी रडत होते. “मी सांगितलं होतं ना, आवाज नाही तिकडे जायचं नाही.”

“म्हणूनच गेलो,” ते म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. “बाकी सगळीकडं आवाज हुता. तू बोलंना. म्हटलं, आवाज न्हाई तिकडंच गेली असणार.”

परत येताना मधला पट्टा माझ्या कमरेला लागला. मी त्यांचा हात धरून पुढे चालत होते. मागे पाहिलं तर ते पाण्याकडेच बघत होते.

“खाली बघू नका,” मी म्हणाले.

“खांबावर चढताना मी नव्या पोरास्नी हेच सांगतो.”

“मग?”

“मग काय, न्हाई बघत.”

किनाऱ्याला लागलो आणि वाळूवर उपड्या घातलेल्या एका होडीला टेकून बसलो. बादली पाण्यात गेली होती. मी उचलून आणलेल्या डब्यात पंचवीस-तीस तिसऱ्या उरल्या होत्या. ते मला रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. ते शर्ट पिळत राहिले. मग म्हणाले, “पनवेलचं तू ठरीव. जायचं असंल तर मी येतो सोडायला, ट्रंक घिऊन. पण माझ्यापायी जाणार असशील तर तू राहा, मीच बदली मागतो. आठवड्याला येत जाईन.”

“बाळ तुम्हाला बाबा म्हणेल,” मी म्हणाले.

त्यांनी पिळायचं थांबवलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता समजूत घालतील, मोठी माणसं घालतात तशी.

“आजून लई लांब हाय ते,” ते म्हणाले, आणि उठले.

घरी आई दारातच उभी होती. आमच्याकडे बघून तिने कपाळाला हात लावला. “घसरलो,” एवढंच त्यांनी सांगितलं. मीही तेच सांगितलं. दुपारी तिने तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर भाकरी खाल्ली, आणि ती तिच्या पोटात राहिली. जेवताना मी म्हणाले, “अहो, मीठ द्या.” आईचा हात हवेतच राहिला.

“अगं, असं म्हणतात का? ते आपलं... ते बायको म्हणते.”

“म्हणू दे की,” ते मिठाची वाटी पुढे सरकवत म्हणाले. “मला कळतंय कोण म्हणतंय.”

पनवेलला मी गेले नाही.

फाल्गुनात अमेय झाला. तो बोलायला लागला तेव्हा त्यानेही त्यांना “अहो”च म्हणायला सुरुवात केली. एवढंसं पोर अंगणात उभं राहून “अहोऽऽ” करायचं आणि खांबावरून “आलो, आलो” यायचं, तेव्हा येणारी-जाणारी माणसं थांबून हसायची. आई म्हणते, ताई म्हणते, म्हणून तोही म्हणतो, यात मला कधी काही विशेष वाटलं नाही. शाळेच्या अर्जात वडिलांचं नाव लिहायचा, घरी अहो म्हणायचा. माझं लग्न झालं, मी चिपळूणला गेले, ते निवृत्त झाले, सगळं त्या एका हाकेवर चाललं.

गेल्या वैशाखात अमेयचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात त्याची बायको शर्वरी मला हळूच म्हणाली, “ताई, एक विचारू? सासऱ्यांना मी काय म्हणायचं? यांच्यासारखं अहो तर मला म्हणता येणार नाही.”

मी हसले. तिला सांगितलं, की ती माझी सवय, लहानपणची, आणि अमेयने आमचं ऐकून उचलली.

“ऐकून नाही उचलली त्याने,” आई म्हणाली. ती चहा गाळत होती. “पहिल्यांदा तो बाबाच म्हणाला होता. नऊ महिन्यांचा असेल. बा-बा, बा-बा, सारखं. तू शाळेत होतीस. मी कौतुकाने यांना दाखवायला नेला, तर हे म्हणाले, त्याला अहो म्हणायला शिकव.”

“का?”

“मी पण विचारलं, वेड लागलं का म्हणून. तर म्हणाले, तो शब्द चारू मला देऊ शकणार नाही. तिचा देऊन झालाय. मग दोन पोरं दोन हाका मारतील, आणि घरात दोन घरं होतील. मी शिकवेना, तर रोज कामावरून आल्यावर स्वतः पाळण्याशी बसायचे. अहो म्हण, अहो म्हण. महिनाभर.” तिने कप भरला. “तुला सांगायचं नाही म्हणाले होते.”

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बहात्तर वर्षांचे ते, मांडवाच्या खांबाशी खुर्ची घेऊन बसले होते आणि लग्नातल्या दिव्यांच्या माळा गुंडाळत होते. ते काम त्यांनी कुणालाच करू दिलं नव्हतं. एकेक दिवा बोटांनी तपासत होते. मला त्यांच्याकडे फार वेळ बघवेना.

“मग मी काय म्हणू?” शर्वरीने विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं, की ते सांगायचा अधिकार त्यांनी इतकी वर्षं माझ्यासाठी राखून ठेवला होता.

“बाबा म्हण,” मी म्हणाले.

शर्वरी कप घेऊन अंगणात गेली. मी दारापर्यंत तिच्या मागे गेले.

“बाबा, चहा,” ती म्हणाली.

ते माळ गुंडाळत राहिले.

“बाबा, चहा आणलाय.”

त्यांनी वर पाहिलं, मग मान वळवून मागे फाटकाकडे पाहिलं. हिचे वडील आले की काय, अशा समजुतीने ते सावरून उठायला लागले. फाटकात कुणी नव्हतं. ते पुन्हा तिच्याकडे वळले, आणि तिच्या खांद्यावरून दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत राहिले.

मी मान हलवली. त्यांनी माळ अलगद खुर्चीवर ठेवली, हात धोतराला पुसले आणि कप घेतला.